कांबळ्यातला वाघ

"मामाजी, गुडघे धरतील तुमचे," मी कुंपणाबाहेरून म्हणाले, तोवर ते खाली टेकलेसुद्धा होते.

सत्तरी गाठलेला माणूस. डोक्यापासून टाचेपर्यंत काळं कांबळं, आणि त्याखाली दोन हात, दोन गुडघे टेकून माझे सासरे डोमाजी कोठ्याच्या आवारात रांगत होते. आर्वीकडे आम्ही गोठ्याला कोठा म्हणतो. डिसेंबरातली दुपार होती. माझ्या कडेवर अकरा महिन्यांची रेवा होती आणि दुसऱ्या हातात वही. माझ्यासोबत अकोल्याला शेतीची पदवी घेतलेल्या एखाद्या मैत्रिणीनं मला तेव्हा पाहिलं असतं, तर काय सांगावं हे मला सुचलं नसतं.

आवाराच्या मध्ये कुटारावर, सुक्या भुशावर, पाच दिवसांचं वासरू बसलं होतं. त्याची आई टिकली, गवळाऊ जातीची पहिलारू गाय, पाण्याच्या टाक्याशी उभी होती. पांढरीशुभ्र, अंगानं हलकी. मामाजी वासराच्या दिशेनं एक हात पुढे टाकत, मग थांबत, मग दुसरा टाकत. पाण्यातून निथळणारं टिकलीचं तोंड वर आलं. कान पुढे झाले.

"आता पाय तिच्याकडे," कांबळ्याखालून आवाज आला.

ती कधी निघाली ते मला दिसलंच नाही. टाक्याशी होती आणि मग नव्हती, इतकंच. मामाजींनी कांबळं एकीकडे भिरकावलं आणि स्वतः दुसरीकडे लोळण घेत गव्हाणीमागे गेले. टिकलीनं कांबळं शिंगावर घेतलं, आपटलं, पायाखाली तुडवलं, पुन्हा उचललं. वासराला तिनं पोटाखाली घेतलं तेव्हा कुठे तिचं फुसफुसणं थांबलं.

गव्हाणीमागून पांढऱ्या मिशा वर आल्या. "आली," मामाजी म्हणाले. खूश होते. "लिही वं सूनबाई. टिकली आली."

याला ते 'वाघ करणे' म्हणत. त्यांच्या वडिलांनी केला, आजोबांनी केला. आमचा कळप रोज डोंगरावर चरायला जाई आणि तिथे बिबट्या नेमानं वासरं नेई, कधीमधी वाघही. म्हणून पहिल्यांदा व्यायलेली प्रत्येक गाय अशी पारखायची. कांबळ्यावर चालून आली तर ती आई म्हणून कळपात राहायची, पुढची वासरं तिचीच. पळाली तर बाजारात. दूध किती, हे नंतर.

माझ्या वहीत रकाने वेगळे होते. रोजचे लीटर, फॅट, दोन वेतांमधले दिवस, आजारपण. शेवटी एक रकाना मी थोडा थट्टेनं आखला होता: 'मामाजींचा.' त्यात फक्त 'आली' किंवा 'गेली'.

"आता मॅडमले सोड," ते म्हणाले.

मॅडम म्हणजे आमची एकुलती एक संकरित गाय. काळीपांढरी, धिप्पाड, दिवसाला तेरा लीटर देणारी. उन्हाळ्यात तिला पंखा लागे म्हणून मामाजींनीच ते नाव ठेवलं होतं. ती नुकतीच दुसऱ्यांदा व्यायली होती, पण तिचा वाघ कधी केला नव्हता. मामाजींनी पुन्हा कांबळं घेतलं आणि रांगत थेट तिच्या वासराला हात लावला. मॅडमनं पाहिलं. चार पावलं चालत आली. आणि कांबळ्याचं टोक तोंडात घेऊन चावायला लागली.

"हे पाय," मामाजी तसेच रांगत्या अवस्थेत म्हणाले. "वाघ आला तर ही त्याले वासराचा पत्ता सांगन."

मला हसू आलं. रेवाही हसली. पण मी लिहिलं ते आधी लीटरच्या रकान्यात. टिकली, तीन. मॅडम, तेरा.

कारण त्या आठवड्यात प्रश्न गमतीचा नव्हता. पशुसंवर्धनाच्या एका योजनेत आम्हाला तीस कालवडी मिळणार होत्या. जात एकच, आणि ती आम्ही ठरवायची. त्याच तीस जणी उद्याच्या कळपाच्या आया होणार होत्या. वीस वर्षं कोठ्यात काय जन्माला येईल ते त्यावर ठरणार होतं. अर्ज सोमवारी द्यायचा होता. माझा नवरा नितेश म्हणाला होता, "शिकलेली तू आहेस, अर्ज तू भर. बाबांशी मी बोलतो." तो काही बोलला नव्हता.

रात्री जेवताना मीच विषय काढला.

"मामाजी, मी संकरित लिहिते आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "लिही. डोंगरावर मॅडमले कोण नेईन? पाठीवर घेऊन जाशीन?"

"डोंगर बंद करू. कोठ्यातच चारा देऊ."

"आन् गवळाऊ?"

"विकू."

नितेश ताटात पाहत राहिला. मामाजी मात्र माझ्याकडे पाहत होते. "लीटरसाठी?"

खरं उत्तर लीटर नव्हतं. मी मांडीवरच्या रेवाकडे पाहिलं. "परवा आपल्या बगळी गाईनं कुत्रं उचलून कुंपणापलीकडे फेकलं. मी स्वतः पाहिलं. माझी पोरगी रांगते आहे मामाजी. उद्या चालेल. तुम्ही पन्नास वर्षं निवडून निवडून धावून येणाऱ्या गाई ठेवल्यात. त्यांना कुत्रं आणि लेकरू यातला फरक कोण सांगणार?"

"ते फरक पायतात."

"एकदा नाही पाहिला तर?"

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"या गाई इथे राहणार असतील तर मी रेवाला घेऊन अमरावतीला आईकडे राहीन," मी म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच बहुधा दोघांनाही ते खरं वाटलं. "मोठी झाली की येईन."

"फट बुजवतो मी कुंपणाची," नितेश पुटपुटला.

"महिना झाला तुम्ही बुजवताय."

तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात दुसरी बाई नाही. रेवाचं वजन मी दर रविवारी करायची. डॉक्टर म्हणायचे, मुलगी ठणठणीत आहे. मला ते आकडे सरळ चढताना दिसत नव्हते. त्यात माझं दूध कमी होत चाललं होतं. ती अंगावर प्यायला लागायची, चिडायची, तोंड बाजूला करायची, आणि मग मी बाटली भरायची. गाईंच्या दुधाची वही भरताना कधी कधी वाटायचं, माझा रकाना कुणी आखला तर त्यात काय लिहील.

रविवारी सकाळी नितेश दूध घेऊन संकलन केंद्रावर गेला. मामाजी बाहेर रस्त्यावर उभे राहून डोंगराकडे निघालेला कळप नजरेनं मोजत होते. थंडी फार होती. ओसरीवरच्या खाटेवर मामाजींचं कांबळं पडलं होतं, तेच मी अंगावर घेतलं आणि अर्ज पुढे ओढला. 'मातृगाईंची जात' या ओळीवर पेन्सिलनं 'संकरित' लिहिलं. मामाजींना सांगून झाल्यावर पेनानं गिरवणार होते. रेवा शेजारी चटईवर खुळखुळा आपटत बसली होती.

अर्जाला सातबाऱ्याची प्रत लागत होती. ती आतल्या कपाटात होती. मी उठले, आत गेले, फाईल उघडली, प्रत घेतली, बाहेर आले. दोन मिनिटं. आजही मी ती मनातल्या मनात मोजते आणि दोनच भरतात.

चटईवर कुणी नव्हतं.

खुळखुळा कोठ्याच्या कुंपणाशी पडला होता. त्या वीतभर फटीच्या अगदी समोर.

मॅडम आत दावणीला बांधलेली होती; आवारात त्या दिवशी मोकळी फक्त बगळी होती. ती सहा दिवसांची ओली बाळंतीण, म्हणून डोंगरावर पाठवली नव्हती; टिकली आठ दिवस भरल्यावर कळपाबरोबर गेली होती. तिचं वासरू, टिकलीचं आणि आणखी एक, अशी तीन वासरं कुटारावर एकमेकांना टेकून पहुडली होती. आणि त्यांच्या मध्ये पिवळं टोपडं. रेवा एका वासराचा कान धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. बगळी तिच्यावर मान झुकवून उभी होती, इतकी जवळ की तिच्या श्वासानं टोपड्याची नाडी हलत होती.

मी ओरडले नाही. ओरडलं तर गाय बिथरेल, एवढं मला कळत होतं. फाटकाचा आडवा बांबू काढला तर तो करकरतो, तेही माहीत होतं. म्हणून मी बांबूखालून वाकून आत शिरले आणि तशीच, खाली वाकलेली, एक हात जमिनीला टेकवत, आवाज न करता पुढे सरकायला लागले. आपण फार शहाणपणानं वागतो आहोत असं मला वाटत होतं.

बगळीनं मान वळवली.

तिला तोवर मी रोज उभ्यानं पाहिली होती. माझ्या खांद्याला लागणारी, लांबट तोंडाची, आखूड शिंगांची गाय. जमिनीवरून ती गाय दिसत नव्हती. आभाळाचा एक तुकडा उभा राहावा तशी ती पांढरी उभी होती आणि त्यात दोन काळे डोळे माझ्यावर रोखलेले. तिनं एक पाऊल टाकलं, माझ्या आणि रेवाच्या मध्ये. डोकं खाली गेलं. पुढच्या खुरानं माती मागे उडाली. मी आणखी खाली झाले.

"सूनबाई." फाटकाकडून मामाजींचा आवाज आला. नेहमीच्या बोलण्यासारखा, जेवायला बोलावतात तसा. "थांब तिथंच."

"मामाजी, रेवा..."

"दिसली मले. तिले काई होत नाई. ती वासरांत आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "वाघ तू झालीस."

तेव्हा मला माझ्या अंगावरचं कांबळं आठवलं.

"आधी ते मांगं टाक. भिरकावू नको, सोड नुसतं. हां. आता उभी राय."

"मला होत नाही."

"होते. माणूस दिसू दे तिले. ताठ उभी राय, हात खाली सोड. मी आत आलो तर ती दोघांत सापडन, मंग काई सांगता येत नाई. तुलेच करा लागन."

मी उभी राहिले. कांबळं मागे पडलं होतं, पण बगळी त्याच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे आली. धावत नाही, पण थांबतही नाही, डोकं खालीच, शिंगं माझ्या बरगड्यांच्या उंचीला. तिच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. माझ्या मागे कुठेतरी मामाजींचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. पुढे वासरांमध्ये रेवा "बू, बू" म्हणत होती.

आणि त्या क्षणी, भीतीनं माझं सगळं अंग गारठलेलं असताना, छातीत ती ओळखीची कळ आली. कित्येक आठवड्यांत आली नव्हती तशी. पान्हा फुटला. दोन्ही बाजूंनी, कढत, आवरता न येणारा. बघता बघता पोलकं भिजलं, पदर भिजला, पोटावरून धार खाली उतरली. मी हात वर घेऊ शकत नव्हते. हात खाली ठेवायचे होते.

बगळी हातभर अंतरावर थांबली. तिचं नाक वर आलं. ओलं, गार, काळं नाक माझ्या छातीशी टेकलं. तिनं एक लांब श्वास आत घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मी तिच्या पापण्यांचे केस मोजू शकले असते. मग तिचे पुढे ताणलेले कान सैल झाले, बाजूला पडले, आणि तिच्या नाकातून एक अगदी बारीक आवाज आला. हंबरणं नव्हे. वासरू दिसत नाही तेव्हा गाई मनातल्या मनात बोलल्यासारखा जो आवाज काढतात, तो.

ती बाजूला झाली.

मी चालले. ती माझ्याबरोबर चालली, खांद्याला खांदा लावून, जणू मला वाट माहीत नव्हती. वासरांजवळ पोचल्यावर तिनं आधी आपलं वासरू चाटलं, मग दुसरं, तिसरं, आणि त्याच ओळीनं रेवाचं डोकं. टोपडं निसटून मागे गेलं. रेवानं त्या खरखरीत जिभेखाली डोळे घट्ट मिटले आणि खुदकन हसली. तेव्हा मला आठवलं, मामाजी रोज पहाटे तिला घेऊन वासरांमध्ये बसायचे. ती घरी आली की मी नाक मुरडून तिचे वासरांचा वास लागलेले कपडे बदलायची.

मी तिला उचललं. बगळी फाटकापर्यंत आमच्या मागे आली. मामाजींनी बांबू काढला, आम्ही बाहेर पडलो, त्यांनी बांबू लावला. ती बांबूवरून मान काढून रेवाकडे पाहत राहिली.

मामाजी तिथेच मातीत बसले. पाणी देऊ का विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मी ओसरीवर पाठ करून बसले आणि रेवाला पदराखाली घेतलं. ती लागली आणि प्यायला लागली. घटाघट, मोठे घोट घेत, मधेच दम खायला थांबत, पुन्हा. पिता पिता झोपली. बाटली चुलीशेजारी तशीच राहिली.

नितेश परत आला तेव्हा मामाजींनी त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. त्यानं चहाही घेतला नाही. कुऱ्हाड घेऊन बांबू तोडायला गेला आणि अंधार पडायच्या आत ती फट बुजली. बोटसुद्धा जाणार नाही अशी.

संध्याकाळी मी अर्ज पुढे घेतला. 'संकरित' खोडरबरानं पुसलं आणि पेनानं 'गवळाऊ' लिहिलं. खाली निवडीच्या कारणासाठी दोन ओळी होत्या. स्थानिक हवामानात तगते, चराईवर भागते, आजारपण कमी, असं सगळं नीट लिहिलं. खोटं त्यात काहीच नव्हतं.

नितेश माझ्या खांद्यावरून वाचत होता. "मग अमरावती?"

"मॅडम राहू दे," मी म्हणाले. "घरच्या दुधाला." त्याला उत्तर मिळालं.

मामाजी समोरच्या खाटेवर बसून कांबळ्याला लागलेलं कुटार वेचत होते. बराच वेळ वेचत होते. कुटार कधीच संपलं होतं.

"सूनबाई, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"मले पाठून दिसलं नाई. तिनं तुले हुंगलं?"

"हो."

"कुठं?"

मी पदरावर हात ठेवला. त्यांनी लगेच नजर खाली घेतली.

"पन्नास वर्सं म्या वाघ केला," ते कांबळ्याकडे पाहत म्हणाले. "बरगडी मोडून घेतली, खांदा मोडून घेतला. येतात. धडक देतात. म्या समजलो, बस, एवढीच आई असते. येणारी." त्यांनी कांबळ्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी खाली वाकलेला असतो ना. उभा राहून मी कधी पाह्यलंच नाई त्याहिच्यासमोर."

बाहेर कोठ्यात बगळी वासराशी तो बारीक आवाज करत होती. आम्ही तिघंही ऐकत होतो, आणि ऐकतो आहोत असं कुणी दाखवत नव्हतं.

मग मी वही उघडली. बगळीची ओळ काढली. लीटर, साडेतीन. फॅट, आजारपण, सगळं भरलेलं होतं. शेवटचा, मामाजींचा रकाना तिच्या पहिल्या वेताच्या वेळी मी या घरात नव्हते म्हणून रिकामा होता.

"बगळी आली, असं लिहू ना मामाजी?"

त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते उठून माझ्याजवळ आले आणि त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आली लिही," ते म्हणाले. "आन् जागा असन तं फुडं लिही, थांबली."

जागा नव्हती. मी रकान्याची रेघ खोडली, पानाच्या कडेपर्यंत दुसरी ओढली, आणि लिहिलं.